सगळे तुकडे आधीच होते म्हणे! (स्लाइसिंगचं पेटंट आणि "हे तर कुणालाही सुचलं असतं")

लोखंडेपूल
शनिवार, रात्री ११:५०

चौदा पानं आली आहेत अमेरिकेहून, आमच्या पेटंट अर्जावर. त्यातली अकरा पानं एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगतात: तुम्ही जे केलंय ते त्या काळच्या कुठल्याही जाणकाराला सहज सुचलं असतं. कलम १०३. आठवडाभर ती पानं बॅगेत घेऊन हिंडतोय. बायको म्हणाली, एकदा मराठीत लिहून काढ, निदान तुझं तुला तरी कळेल. म्हणून हा धागा.

आम्ही इंदूरचे, पाच जणांची कंपनी, विजयनगरच्या मागे एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. वीजमीटर, पाण्याचे मीटर असली यंत्रं मोबाइल नेटवर्कवर आणायचं काम. २०२१ मध्ये नेटवर्क स्लाइसिंगवर अर्ज टाकला, पुढे पीसीटीतून, म्हणजे आंतरराष्ट्रीय पेटंट करारातून, अमेरिकेतही गेलो. इथला परीक्षण अहवालही आलाय, त्यातही अमेरिकेने पुढे केलेले तेच दोन जुने कागद, शिवाय कलम ३(के), म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरला पेटंट नाही.

ज्यांना स्लाइसिंग म्हणजे काय ते माहीत नाही त्यांनी एबी रोडवरची बीआरटीएस आठवावी. (तोडायला काढली, तरी आठवायला हरकत नाही.) रस्ता एकच, पण मधली लेन फक्त बसची. पलासियाला शेजारी गाड्या अडकून पडल्यात आणि आयबस मधून निवांत चाललीय. स्लाइसिंग तसंच, फक्त लेन डांबराची नाही, सॉफ्टवेअरची. टॉवर तेच, तारा त्याच, पण रुग्णवाहिकेतल्या व्हिडिओला एक लेन, मीटरांना एक, तुमच्या रील्सना एक. बीआरटीएसचं जे दुखणं होतं तेही इथे जसंच्या तसं: बस नसते तेव्हा लेन मोकळी पडून आणि बाजूचे शिव्या देतायत.

आमचा दावा क्रमांक १, वकिली भाषा सोलून काढली तर असा. स्लाइसवर किती भार आहे ते घेत राहायचं. पुढच्या काही मिनिटांत तो किती होईल याचा अंदाज बांधायचा. अंदाज मर्यादेबाहेर गेला की कमी निकडीची यंत्रं निवडायची आणि लेन तुंबायच्या आधीच त्यांना दुसऱ्या लेनमध्ये घालायचं.

परीक्षक म्हणतो, डी१ हा दुसऱ्या कुणाचा आधीचा अर्ज, त्यात भार वाढल्यावर यंत्रं दुसऱ्या स्लाइसवर नेलीत. डी२ म्हणजे ३जीपीपीचं (मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणारी संस्था) टीएस २३.२८८ हे मानक, त्यात एनडब्ल्यूडीएएफ, म्हणजे नेटवर्कचा घरचा ज्योतिषी, भाराचे अंदाज देतो. डी१ मध्ये "आत्ताचा भार" लिहिलंय तिथे डी२ मधला "पुढचा भार" घाला, झाली तुमची पद्धत.

असं दोन कागद शेजारी ठेवून जोडायचं म्हटलं तर जगात कुठला शोध उरेल? डी१ मध्ये अंदाज नाही, डी२ मध्ये आमच्यासारखं हलवणं नाही. मग आमचं नवीन नाही का?

---

जिरावण
रविवार, सकाळी ८:१५

दादा, मी अजून कॉलेजात आहे, प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या. बसला वरून दिसतं की ही माझी लेन. फोनला कसं कळतं?

---

बेसस्टेशन
रविवार, सकाळी ९:४०

@जिरावण, बावळट अजिबात नाही. प्रत्येक स्लाइसला एक ओळख असते, एस-एनएसएसएआय. ३२ बिटांची. पहिले ८ बिट सांगतात लेन कुठल्या जातीची: १ म्हणजे भरपूर वेगाची, २ म्हणजे चटकन आणि खात्रीने पोचणारी, ३ म्हणजे मीटरांसारख्या ढीगभर यंत्रांची. उरलेले २४ बिट एकाच जातीतल्या दोन लेन वेगळ्या ओळखायला. फोन नेटवर्कला नोंदणीच्या वेळी सांगतो मला अमुक लेन हव्यात, नेटवर्क ठरवतं कुठल्या देणार. एका वेळी जास्तीत जास्त आठ. हे सगळं ३जीपीपीच्या मानकांच्या रिलीज १५ या आवृत्तीत, २०१८ सालचं.

आता लोखंडेपूल भिया. राग मानू नका, पण तुमचा प्रश्नच चुकलाय. "नवीन आहे का" हे कुणी विचारलेलंच नाही. नवीन आहे. एका कागदात सगळं सापडलं असतं तर त्याने कलम १०२ लावलं असतं. १०३ लावलंय याचाच अर्थ तुमचं नवीनपण त्याने मान्य केलंय. भांडण पुढच्या पायरीचं आहे.

आणि स्लाइसिंगमध्ये ही पायरी भलती उंच असते, का ते सांगतो. वीस वर्षं याच धंद्यात आहे. आमच्याकडे कुणी गपचूप काही करत नाही. वेगवेगळ्या लेनांची कल्पना एनजीएमएन या मोबाइल कंपन्यांच्या गटाच्या श्वेतपत्रिकेत २०१५ मध्येच आली. त्याच्या आगेमागे ३जीपीपीच्या रिलीज १३ मध्ये नेटवर्कचे वेगळे गाभे ठेवायची सोय झाली, म्हणजे स्लाइसिंगचा थोरला भाऊ. नंतर दर बैठकीला कंपन्या शेकडो प्रस्ताव टाकतात, सगळे सर्व्हरवर उघडे. स्वीकारलेलेही आणि फेटाळलेलेही. फेटाळलेला प्रस्तावसुद्धा परीक्षकाला चालतो, त्याला फक्त तुमच्या तारखेआधी लोकांसमोर आला होता एवढंच दाखवायचं असतं. म्हणजे कायद्यातला तो जो "जाणकार" आहे ना, तो आमच्या धंद्यात हा सगळा ढीग वाचून बसलेला असतो.

शिवाय तुमचा दावा वाचा. घ्या, ठरवा, हलवा. या क्षेत्रातले दहातले नऊ दावे याच तीन क्रियापदांवर उभे असतात. आत्ताच्या आकड्याऐवजी पुढचा आकडा घेणं हे शोध म्हणून मीही नाकारलं असतं.

बीआरटीएसची उपमा लंगडी आहे, पण ते राहू दे.

---

सराफा_दहानंतर
रविवार, सकाळी १०:०५

पोह्यांवर जिरावण भुरभुरवलं आणि पेटंट मागितलं. परीक्षक म्हणाला पोहे डी१, जिरावण डी२. बरोबर आहे त्याचं.

उपमाच हवी तर आमचा सराफा घ्या. दिवसा सोनाराचा ओटा, रात्री त्याच ओट्यासमोर भुट्ट्याचा कीस. जागा तीच, गिऱ्हाईक वेगळं, कुणी कुणाच्या पायात येत नाही. होळकरांच्या गावाला स्लाइसिंग शिकवू नका.

---

मूळची_लष्करची
रविवार, दुपारी १२:३०

ग्वाल्हेरहून. विषयातलं मला ओ की ठो कळत नाही, पण तुम्ही सगळे "ऑब्व्हियस"ला मराठी काय म्हणणार आहात? "उघड" म्हटलं तर ते कुणीतरी उघडं टाकल्यासारखं. "स्वयंस्पष्ट" म्हणजे आहे ते दिसतंय. इथे तर नसलेलं सुचण्याचा प्रश्न आहे ना? मग "सहज सुचण्याजोगं" बरं.

---

कलमवाली
रविवार, रात्री ९:२०

मूळची_लष्करची ताई, अगदी बरोबर पकडलंत. भांडण दिसण्याचं नाही, सुचण्याचं आहे. मी "सहजसुचतं" म्हणते, ऑफिसात सगळे हसतात.

लोखंडेपूल, आधी एक सांग: अर्ज प्रसिद्ध झालाय ना? नसेल तर धाग्यावर पुढे एक अक्षर लिहू नकोस. आणि मी सांगते ते सल्ला म्हणून धरू नकोस, तुझा वकील आहे.

अमेरिकेत या कलमाचा पाया १९६६ चा आहे, ग्रॅहम विरुद्ध जॉन डीअर. खटला नांगराचा. दगडाळ जमिनीत फाळ अडकला की दांडा मोडू नये म्हणून केलेल्या बिजागरीचा. तिथे कोर्टाने चौकट घालून दिली: आधी काय काय होतं ते बघा, तुमच्यात आणि त्यात फरक काय ते बघा, त्या काळच्या साधारण जाणकाराची कुवत किती ते बघा. आणि मग बाजूचे पुरावे, म्हणजे माल खपला का, लोक वर्षानुवर्षं याचीच वाट बघत होते का, दुसरे प्रयत्न करून हरले का.

पुढे खालच्या कोर्टांनी एक नियमच करून टाकला की दोन कागद जोडायचे तर जोडा असं कुठेतरी सुचवलेलं दाखवा. अर्जदारांची चंगळ होती. २००७ मध्ये केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्सने ती संपवली. गाडीच्या ॲक्सिलरेटरचं पेडल. मागेपुढे होणारं पेडल आधीच होतं, इलेक्ट्रॉनिक सेन्सर आधीच होता, यांनी सेन्सर पेडलच्या न हलणाऱ्या खुंटीवर बसवला. सुप्रीम कोर्ट म्हणालं, जाणकार म्हणजे यंत्रमानव नव्हे, त्यालाही थोडी कल्पकता असते. ओळखीचे भाग ओळखीचंच काम करत असतील आणि निकाल अपेक्षित तोच असेल तर ते सहजसुचतं. तुझ्या चौदा पानांत केएसआर किती वेळा आलंय मोज.

आपल्याकडेही वेगळं काही नाही. १९७० च्या कायद्याचं कलम २(१)(जेए): तांत्रिक प्रगती हवी किंवा आर्थिक महत्त्व हवं किंवा दोन्ही, आणि वर जाणकाराला सहज न सुचणारं हवं. सुप्रीम कोर्टाचा जुना निकाल १९७८ चा, बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम, तोही भांड्यांचा! पितळी भांडी लेथवर धरायची युक्ती. कोर्ट म्हणालं, कारखान्यात कारागीर करतच असतात तसली सुधारणा ही, शोध नव्हे. जुन्या गोष्टींची जुळणी चालते, पण जुळणीतून काही नवं किंवा जास्त चांगलं किंवा स्वस्त निघायला हवं.

तर तुझं उत्तर "डी१ मध्ये हे नाही, डी२ मध्ये ते नाही" असं असेल तर फाडून टाक. जोड असेल तर एकेका कागदावर वेगळा हल्ला करून काही मिळत नाही, परीक्षक तेच एक वाक्य पुन्हा चिकटवतो. तुला दाखवायचंय की जाणकाराने डी१ आणि डी२ जोडले असते तर *काय झालं असतं*. चांगलं झालं असतं तर तू हरलास.

---

लोखंडेपूल
रविवार, रात्री ११:१०

ताई, अर्ज केव्हाच प्रसिद्ध झालाय. केएसआर नऊ वेळा.

तुमचं शेवटचं वाक्य वाचून उठून बसलो. कारण जोडल्यावर काय होतं ते आम्ही केलेलं आहे! चांगलं नव्हतं झालं.

ओपन५जीएस आणि यूईरॅनसिम या संगणकावर ५जी नेटवर्क उभं करणाऱ्या सॉफ्टवेअरवर चारशे नकली मीटर उभे केले होते. अंदाज आला की भार वाढणार, आम्ही चारशेच्या चारशे दुसऱ्या लेनमध्ये ढकलले. लेन बदलायची म्हणजे यंत्राला नवी यादी कळवायची आणि मग पुन्हा नोंदणी. चारशे जण एकदम दारात. नोंदणी घेणारा एएमएफ गुदमरला. तुंबू नये म्हणून हलवलं आणि हलवल्यामुळेच तुंबलं. वर गंमत म्हणजे मीटर गेल्यावर पहिल्या लेनचा अंदाज खाली आला, मग आमच्याच पद्धतीने ते परत आणले. मग अंदाज वर. रात्रभर तेच चाललेलं, टेबल टेनिस.

लॉगची फाइल अजून आहे.

---

बेसस्टेशन
सोमवार, सकाळी ७:५५

हं. आता ऐकण्यासारखं बोललात. पण हे दाव्यात कुठाय? दाव्यात तर तुम्ही तेच लिहिलंय जे बिघडलं!

आणि दुरुस्ती म्हणून "सगळ्यांना एकदम न हलवता थोडं थोडं हलवा" असं म्हणणार असाल तर थांबा. गर्दी झाली की यंत्राला नंतर ये सांगणं हे ३जीपीपीचं जुनंच काम आहे. नोंदणीला परत पाठवायचा टी३३४६ टायमर आहे. स्लाइसपुरती गर्दी असेल तर टी३५८४ आणि टी३५८५ आहेत, रिलीज १५ पासूनचे. मीटरसारख्या यंत्रांना सरसकट दाराबाहेर ठेवायची सोय तर रिलीज ११ मध्येच झाली. डी३ म्हणून परीक्षक या टायमरांचं मानक, टीएस २४.५०१, टेबलावर आपटेल आणि तुम्ही परत तिथेच.

---

लोखंडेपूल
सोमवार, सकाळी ८:३०

टायमर वकिलाने सुचवलाच होता. म्हणजे तेही गेलं.

---

रामबागचे_काका
सोमवार, दुपारी ३:१५

मी वीज मंडळात मीटर विभागात अडतीस वर्षं काढली. तुमचं इंग्रजी कमी आणि मीटर जास्त कळतात. एक विचारू? स्मार्ट मीटर आकडे पंधरा-पंधरा मिनिटांच्या खंडात नोंदवतो आणि ठरल्या वेळी आपणहून पाठवतो. मधल्या वेळात तो झोपलेलाच. मग त्याला मधेच उठवून "लेन बदल" सांगायची घाई कशाला? तो स्वतः बोलायला उठेल तेव्हा सांगा की. आमच्याकडे रीडिंगवाला घरी जाणारच असायचा, तेव्हाच त्याच्या हाती नोटीस द्यायचे. नोटिशीसाठी वेगळा माणूस कोण पाठवतो?

---

लोखंडेपूल
सोमवार, दुपारी ३:४०

काका.

आत्ता विवरणपत्र उघडलं. परिच्छेद ४७, शेवटून दुसरं वाक्य: "एका प्रकारात, स्थलांतराची सूचना यंत्राच्या पुढच्या स्वयंप्रेरित संपर्कापर्यंत रोखून धरली जाते, जेणेकरून स्थलांतरासाठी वेगळी नोंदणी उद्भवत नाही." खाली आकृती ६ मध्ये ती रोखून धरायची चौकटही आहे. आम्ही केलं होतं हे! नंतरचे सगळे लॉग याच पद्धतीचे आहेत, टेबल टेनिसही त्यात थांबलेलं. दाव्यांत मात्र एका अक्षराने नाही. लिहिताना वाटलं होतं, ही काय सांगायची गोष्ट.

---

सराफा_दहानंतर
सोमवार, दुपारी ३:५२

पण काकांना दुपारी सव्वातीनला, जेवण झाल्यावर, सहज सुचलं. म्हणजे सहजसुचतं! डी४: रामबागचे काका.

---

बेसस्टेशन
सोमवार, दुपारी ४:३०

हसू आलं, पण मुद्दा खरा आहे. मी परीक्षक असतो तर हेच म्हटलं असतं.

---

कलमवाली
सोमवार, रात्री १०:४५

नाही. सराफा, तुझा विनोद चांगला आहे पण त्यात दोन भोकं आहेत.

एक, काकांना कोडं पूर्ण मांडून दिलेलं मिळालं. नोंदण्यांची झुंबड उडते, टायमरने भागत नाही, टेबल टेनिस होतं, हे सगळं धाग्यावर मांडून झाल्यावर त्यांनी उत्तर दिलं. २०२१ च्या जाणकारापुढे काय होतं? डी१ म्हणतो भार वाढताच हलवा. डी२ म्हणतो वाढणार असेल तर आधीच कळवतो. दोघंही "लवकर, अजून लवकर" याच दिशेला नेतात. त्या वाटेवरच्या माणसाने "सूचना अडवून धरा आणि मीटर बोलेपर्यंत गप्प बसा" असं का करावं? उत्तर माहीत झालं की सगळे रस्ते तिकडेच जातात असं वाटायला लागतं, आणि त्यापासून सांभाळा असं ग्रॅहमपासून कोर्टं सांगत आलीत. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ ला ५जी आलं, तेव्हाही तुझा अर्ज जुना झाला होता. आज स्लाइसिंग शेंबडं पोरही बोलतं म्हणून २०२१ ला बोलत होतं असं नाही.

दोन, टायमर आणि हे एकच नव्हे. टायमर गर्दी पांगवतो, पण नोंदण्या होतात तेवढ्याच. परिच्छेद ४७ मध्ये ज्या संपर्कावर सूचना जाते तो तसाही होणारच होता, म्हणजे जादा नोंदणी मुळातच नाही. पांगवणं वेगळं, न होऊ देणं वेगळं. हा फरक तुझ्या उत्तराचा कणा कर.

मात्र काकांच्या धंद्याची भीती मलाही आहे. परीक्षक म्हणू शकतो की जाणकार म्हणजे एक माणूस नव्हे, दूरसंचारवाला आणि मीटरवाला अशी जोडी. त्याची तयारी ठेव.

आता कामाचं. दावा १ मध्ये ४७ मधलं वाक्य आण, आकृती ६ च्या आधाराने. आपल्याकडे दुरुस्त्यांवर बंधन घालणारं कलम ५९ आडवं येत नाही, कारण दावा अरुंद होतोय आणि आधी लिहिलेल्याच्या आतच राहतोय. रुंद केला असतास तर अडकला असतास. तुझे लॉग अमेरिकेच्या नियम १३२ च्या प्रतिज्ञापत्रावर दे, पण तुलना डी१ शी कर, तुझ्या स्वतःच्या बिघडलेल्या प्रयोगाशी नको. सगळ्यात जवळचा जुना कागद कोणता तर डी१. आणि जेवढ्याचे आकडे आहेत तेवढाच दावा. मीटरांचे आकडे देऊन ड्रोनवर हक्क सांगू नकोस.

लेखी उत्तराआधी परीक्षकाशी फोनवर बोलायची मुभा आहे, ती घेच. कागदावर माणूस जास्त हट्टी असतो. तीन महिन्यांत उत्तर, पैसे भरून सहापर्यंत ओढता येतं, ओढू नकोस. इथल्या अहवालाला सहा महिने आहेत. त्यात सुनावणी झालीच तर दिल्ली उच्च न्यायालयाचा २०२२ चा ॲग्रीबोर्डचा निकाल हाताशी ठेव: आधीचं ज्ञान काय, शोध काय आणि एकातून दुसऱ्यात जाणकार कसा पोचला असता, हे तिन्ही आदेशात यायला हवं, नुसतं "शोधक पायरी नाही" म्हणून भागत नाही. ३(के) ला उत्तर एकच: जादा नोंदणी टळते, हाच तांत्रिक परिणाम.

---

जिरावण
सोमवार, रात्री ११:३०

रिलीज १८ मध्ये एका स्लाइसच्या जागी दुसरी पर्यायी स्लाइस द्यायची सोय आहे असं आमच्या सरांनी शिकवलं. ते नाही का आडवं येणार?

---

बेसस्टेशन
मंगळवार, सकाळी ७:२०

शाब्बास. पण ते यांच्या तारखेनंतरचं, म्हणून बाद. उलट त्याचा उपयोग वेगळा आहे: ३जीपीपीच्या मानकातच हलवणं आलं, म्हणजे उद्या सगळ्यांना कधी ना कधी झुंबडीशी गाठ पडणार. दावा मिळाला तर कामाचा आहे. मी माझे शब्द अर्धे मागे घेतो. अर्धेच.

---

कलमवाली
मंगळवार, सकाळी ९:००

लोखंडेपूल, काल विचारायचं राहिलं. परिच्छेद ४७ मधली कल्पना कोणाची?

---

लोखंडेपूल
गुरुवार, रात्री १२:४०

दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण काय लिहावं कळेना.

अर्जावर शोधक म्हणून मी आणि माझा भागीदार. अंदाजाचं गणित आमचं. ४७ आमचं नाही. त्या उन्हाळ्यात एक मुलगी सहा महिने शिकाऊ म्हणून होती. टेबल टेनिसची रात्र झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही अंदाज सुधारायला बसलो, आणखी डेटा, आणखी डोकं. ती कोपऱ्यातल्या मशीनवर लॉग बघत होती. संध्याकाळी म्हणाली, दादा, मी एक बारीक बदल केलाय, बघता का. मी म्हटलं टाक विवरणात. वकिलाला मसुदा पाठवायची घाई होती. तिचं नाव घालायचं डोक्यातही आलं नाही. एका ओळीचं तर होतं.

---

कलमवाली
गुरुवार, सकाळी ८:१०

ती एक ओळ आता तुझा दावा क्रमांक १ आहे.

शोधक कोण हे दाव्यांवरून ठरतं. दावे बदलले की यादी बदलते. जुन्या दाव्यात तिचं काही नव्हतं, तेव्हा चूक नव्हती असं म्हणता येईल. नवा दावा टाकून तिचं नाव बाहेर ठेवलंस तर पेटंट मिळेल कदाचित, पण पहिल्याच खटल्यात कुणीतरी हे उकरेल आणि सगळं धोक्यात. तिकडे नियम १.४८ खाली शोधक वाढवता येतो, फी भरून, तिची सही लागते. इकडे कलम २८, पण पेटंट मंजूर व्हायच्या आत. शिवाय हक्क कंपनीला लिहून देण्याचा कागदही तिच्याकडून घ्यावा लागेल. शिकाऊ होती, तेव्हा काही सही घेतली होतीस का?

---

लोखंडेपूल
गुरुवार, सकाळी ८:१४

नाही.

---

रामबागचे_काका
गुरुवार, सकाळी ११:००

मुलीला फोन करा. मेल नको, फोन.

---

लोखंडेपूल
रविवार, रात्री १०:३०

केला. पुण्यात असते आता, दूरसंचारात नाहीच, बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. सगळं सांगितलं, चौदा पानं, नऊ केएसआर, काका, आणि हेही की तेव्हा तिचं नाव घालायला हवं होतं आणि घातलं नाही. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "दादा, ते मी कंटाळून केलं होतं. चारशे मीटर परत परत नोंदणी करताना बघवेना, म्हणून म्हटलं झोपू द्या यांना, उठतील तेव्हा सांगू."

सह्या करायला तयार आहे. हक्काचा कागद मात्र आधी वाचून घेईन म्हणाली, आणि मोबदला काय तेही त्यात लिहा म्हणाली. लिहिणार आहोत.

ताई, प्रतिज्ञापत्रात "कंटाळून" लिहायचं नाही ना?

---

कलमवाली
रविवार, रात्री १०:५५

लिही बिनधास्त. कलम १०३ चं शेवटचं वाक्यच ते आहे: शोध कोणत्या रीतीने लागला त्यावरून पेटंट नाकारता येत नाही. घामाने, योगायोगाने, कंटाळ्याने, काहीही.

---

सराफा_दहानंतर
रविवार, रात्री ११:०२

डी४ मागे घेतो. काका, उद्या दहानंतर या, गराडू माझ्याकडून.

---

लोखंडेपूल
मंगळवार, रात्री १:१५

परीक्षकाशी बोलणं झालं, आत्ताच. पंचवीस मिनिटं. पहिली पंधरा मिनिटं तो टायमरच म्हणत होता. मग मी आकृती ६ वर बोट ठेवायला सांगितलं आणि विचारलं, यात घड्याळ कुठे दिसतं का? थोडा वेळ नुसता कागदांचा आवाज. मग त्यानेच विचारलं, म्हणजे नेटवर्क यंत्राची वाट बघतं, वेळेची नाही? हो म्हटलं. हे दाव्यात याच शब्दांत लिहून पाठवा म्हणाला, पुन्हा शोध घेईन, वचन देत नाही.

लिहायला घेतलंय. तिसऱ्या शोधकाच्या रकान्यात नावाचं स्पेलिंग तिला विचारायचंय, पण आता झोपली असेल. सकाळी उठेल तेव्हा विचारतो.